जरा बसतंय, सर

"तसंच बोलून दाखवा," ताई म्हणाली. "त्या वेळी जसं बोललात, अगदी तसं."

मामांनी दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. शेजारचा पलंग रिकामा होता, त्यावरची चादर नुकतीच बदललेली. ताई पाठीवर सरळ निजली होती, मानेखाली उशीसुद्धा नव्हती. छातीपासून कमरेपर्यंत एक टणक पट्टा आवळलेला होता, आणि कुणाशी बोलायचं झालं तर ती नुसते डोळे वळवत होती.

"आता कशाला ते?" मामा म्हणाले.

"मला ऐकायचंय. विमानात मी मागं होते. पुढं काय चाललंय ते आम्हाला कुठं ऐकू येतं?"

मामांनी घसा खाकरला. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत ते म्हणाले, "जरा बसतंय, सर."

ताई छताकडे बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मामा, घरात मीठ संपलं तर मी याच्यापेक्षा मोठ्यानं सांगते."

ती हसली नाही. मामाही हसले नाहीत. बाहेरच्या बोळातून कुणीतरी भांड्यांची गाडी खडखडत नेली. ती लांब गेल्यावर ताईनं विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं ना? आदळणार म्हणून?"

"हो."

"नक्की?"

"नक्की दिसलं होतं."

रागावली असती तर मामांना बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले, आणि ती झोपली की आपण जावं म्हणून मिटले, हे न कळून मामा तसेच बसून राहिले. शेवटी परिचारिका आली आणि वेळ संपली म्हणाली.

विमान कंपनीत सगळेच त्यांना मामा म्हणत. कधी, कुणी, का म्हणायला सुरुवात केली हे कुणाला आठवत नव्हतं. विमानाच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या असतात. डावी कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची. उजवीकडे काही वर्षं काढायची, मग परीक्षा देऊन डावीकडे जायचं, हा सरळ रस्ता. मामांच्या बरोबरीचे सगळे त्या रस्त्यानं गेले. मामांनी परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा ते नापास झाले. परीक्षक वेगळे होते, पण दोघांचं म्हणणं एकच पडलं: हात उत्तम, अभ्यास चोख, पण निर्णय घ्यायची वेळ आली की हा माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तिसऱ्यांदा परीक्षा देता येणार नाही असा तेव्हा नियम होता. मामांनी तो ऐकून घेतला, 'बरं' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी उजव्या खुर्चीत जाऊन बसले. ते तिथंच राहिले.

त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं. उलट कॅप्टन लोक मामांबरोबर उडायला मिळालं की खूश असत. "मामा आहेत ना? मग झालं!" असं म्हणत. कुणाला गप्पा लागतात, कुणाला शांतता लागते, कुणाला उतरताना कुणी बोललेलं खपत नाही, हे सगळं मामांना पाठ होतं. आणि एक कला त्यांना अशी साधली होती की कॅप्टन काही विसरला तर ते सरळ सांगत नसत. "सर, चाकं आता घ्यायची का थोडं थांबायचं?" असं हळूच विचारत. कॅप्टनला वाटे, आपल्यालाच आठवलं. चूक दुरुस्त व्हायची आणि कुणाला लागायचंही नाही. या गुणावर मामांनी सगळं आयुष्य काढलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी डाव्या खुर्चीत धाकटा होता. त्याचे वडील याच कंपनीत नावाजलेले कॅप्टन होते, म्हणून हा धाकटा. मामा त्याच्या वडिलांबरोबर पुष्कळ उडाले होते. या पोराला त्यांनी वडिलांच्या टोप्या घालून घरभर फिरताना पाहिलं होतं. आता तो कॅप्टन झाला होता आणि मामा त्याला 'सर' म्हणत. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा धाकटा लाजला होता. नंतर दोघांनाही सवय झाली.

दुपार होती, ऊन रणरणत होतं. सकाळपासून गाडं उशिरानं चाललं होतं, आणि हे उतरून पुन्हा लगेच निघायचं होतं. धाकटा घाईत होता, पण कामात ढिला नव्हता. विमान चांगलं सरळ रेषेत आणलं होतं त्यानं. समोरून दमदार वारा होता. जमीन जवळ आली आणि तो वारा एकदम पडला, कुणीतरी दार लावून घ्यावं तसा. समोरच्या वाऱ्यावर विमान तोललेलं असतं. तो गेला की वेग जातो आणि विमान खाली बसायला लागतं. यंत्रातल्या आवाजानं इशारा दिला. मामांनी वेगाचा आकडा उतरताना पाहिला.

अशा वेळी करायचं काय, हे वैमानिकांना पहिल्या वर्षी शिकवतात. 'गो अराउंड' म्हणायचं. उतरणं सोडून द्यायचं, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, पुन्हा वर चढायचं आणि फिरून यायचं. हे दोन शब्द दोघांपैकी कुणीही म्हणू शकतो. एकदा म्हटले की दुसऱ्यानं वाद घालायचा नाही. लहानमोठा, कॅप्टन-सहवैमानिक, त्या क्षणी काही नाही. नियम अगदी स्वच्छ आहे.

ते दोन शब्द मामांच्या तोंडात आले होते. जिभेवर होते. आणि त्यांच्या तोंडून निघालं ते, "जरा बसतंय, सर."

"हो, हो, बसेल," धाकटा म्हणाला.

मग ते आदळले.

वरच्या फळ्यांची झाकणं उघडली, सामान पडलं, मागून एकच किंकाळी आली आणि मग रडणं. विमान धावपट्टीवर सरळ राहिलं, धाकट्यानं ते थांबवलं. मग शेपटीकडून फोन आला. नवीन मुलगी होती, आवाज थरथरत होता. "ताई उठत नाहीयेत," ती म्हणाली.

ताई जुनी हवाईसुंदरी. ती सगळ्यांत मागच्या, भिंतीतून उघडणाऱ्या खुर्चीवर पट्टा लावून बसली होती. विमान आदळलं की सगळ्यांत जास्त मार शेपटीला. हे तिला ठाऊक होतं. पाठ ताठ, डोकं मागं टेकलेलं, असं बसायचं हेही ती वर्षानुवर्षं नव्या मुलींना शिकवत आली होती. पण शेवटच्या रांगेतलं एक लहान मूल पट्टा सोडून सीटवर उभं राहिलं, आणि त्याला "बस, बस खाली" म्हणून हात करायला ती नेमकी त्याच वेळी वाकडी झाली. मूल आईच्या मांडीत पडलं, त्याला ओरखडाही आला नाही. ताईच्या पाठीचा मणका मोडला.

चौकशी झाली. बंद खोलीत वैमानिकांच्या संभाषणाची टेप लावली. यंत्राचा इशारा खणखणीत ऐकू आला. मामांचा आवाज त्याच्याखाली दबला होता. चौकशीला बसलेल्यांपैकी एकानं टेप मागं घेतली आणि पुन्हा लावली. "तुम्ही इथं काही म्हणालात का?" त्यानं विचारलं. मामांना ते वाक्य स्वतःच्या तोंडानं परत सांगावं लागलं. धाकटा शेजारी मान खाली घालून बसला होता. चौकशी करणारे सभ्य होते, कुणी आवाज चढवला नाही. दोघांना उड्डाणावरून काढलं, पुन्हा शिकायला धाडलं, आणि शेवटी दोघांची मिळून परीक्षा घ्यायची असं ठरलं.

हे सगळं मामांनी घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरत होती. ती शाळेत शिकवायची. चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा तिचा आवाज.

"परीक्षेत काय बघणार?" तिनं विचारलं.

"तेच. वेळेवर बोलतो की नाही."

"मग बोला."

"बोलेन की."

तिनं सुरी खाली ठेवली. "अहो, तुम्ही घरातसुद्धा कधी 'नको' म्हटलेलं मला आठवत नाही. वाढलं की खाता. पडदे कुठले घ्यायचे विचारलं तर 'तुला आवडतील ते'. लेकीनं लांबच्या गावी नोकरी धरली तेव्हा तुम्हाला ती जायला नको होती. मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं."

"तिच्या मनात होतं जायचं."

"होतंच. पण बापाला नको वाटतंय हे तिला कळायला काय हरकत होती? ती गेलीच असती. पण कळून गेली असती."

बायको पाठमोरी झाली आणि शेगडीशी उभी राहिली.

"म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"जे म्हणायचं असतं ते. मी कॅप्टन. माझी तुमच्याकडे पाठ आहे."

"काहीतरीच काय..."

"म्हणा हो."

मामांनी खिडकी बंद आहे ना ते पाहिलं. मग म्हणाले, "गो अराउंड."

"नाही ऐकू आलं."

"गो अराउंड!"

"मला काय, यंत्राचाच आवाज येतोय." तिनं फोडणीच्या डब्यात हात घातला. मोहरी तडतडली.

मामांना एकदम कसलातरी राग आला. कुणाचा ते त्यांना कळलं नाही. ते इतक्या मोठ्यानं ओरडले की फळीवरचं झाकण किणकिणलं. मग दारावरची घंटा वाजली. शेजारच्या बाई होत्या. "सगळं ठीक आहे ना?" त्यांनी बायकोच्या खांद्यावरून आत डोकावत विचारलं.

"ठीक आहे," बायको म्हणाली. "अभ्यास चाललाय यांचा."

दार लावून ती परत आली. तिचे डोळे भरले होते. ती हसत होती की काय, हे मामांनी विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी धाकटा त्यांच्या आधी येऊन बसला होता. प्रतीक्षेच्या खोलीत दोघंच होते. तो वाळला होता, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल दिसत होती. समोर कॉफी होती, ती निवून गेली होती.

"बाबा कसे आहेत?" मामांनी विचारलं.

"बोलत नाहीत फारसं. रोज सकाळी विचारतात, परीक्षा कधी." धाकट्यानं कप फिरवला. "मामा, एक सांगू? मी रोज तेच बघतो डोळ्यांपुढं. झोपेत हात ओढतो मागं. बायको म्हणते, चादर फाडाल."

"होतं असं. जाईल ते."

"आज मी नीट उतरवणार. काहीही होऊ दे, मी उतरवून दाखवणार." मग त्यानं मामांकडे पाहिलं. लहानपणी टोपी मागताना बघायचा तसं. "तुम्ही मला सांभाळून घ्या. घ्याल ना?"

"घेईन," मामा म्हणाले. सवयीनंच म्हणाले.

परीक्षा सिम्युलेटरमध्ये होती. सिम्युलेटर म्हणजे मोठ्या दालनात लोखंडी पायांवर उभी केलेली एक बंद पेटी. बाहेरून पाण्याच्या टाकीसारखी दिसते. आत गेलं की विमानाची पुढची खोली जशीच्या तशी. खिडक्यांत पडद्यावरचं आभाळ दिसतं, पडद्यावरची धावपट्टी दिसते, आणि पाय हलले की पेटी खऱ्या विमानासारखी डुलते, कलते, आदळते. मागं परीक्षक बसतो. वारा, पाऊस, आग, बिघाड, सगळी सूत्रं त्याच्या हातात.

परीक्षक मामांच्याच तुकडीतला होता. दोघं एकाच खोलीत राहून शिकले होते, एकाच्या इस्त्रीवर दोघांचे कपडे निघत. तो कधीच डावीकडे गेला आणि तिथून इथं, या तिसऱ्या खुर्चीत आला. आज तो मामांकडे पाहून नुसती मान हलवून बसला.

पहिला अर्धा भाग चांगला गेला. एक इंजिन बंद पाडलं, धाकट्यानं ते सांभाळलं. धूर दाखवला, दोघांनी मिळून निभावलं. धाकट्याचा आवाज हळूहळू मोकळा झाला. मामांना वाटलं, निघेल पोरगं यातून.

मग परीक्षकानं विमान पुन्हा लांब नेऊन ठेवलं. "साधं उतरायचं आहे," तो म्हणाला. "वारा समोरून."

दोघांनाही कळलं.

धाकट्यानं विमान रेषेत आणलं. पडद्यावरची धावपट्टी मोठी होत गेली, तिच्यावरचे पांढरे पट्टे दिसायला लागले. वारा समोरून होता आणि मग नव्हता. वेगाचा आकडा उतरला. पेटी पोटाखालून सुटल्यासारखी झाली. यंत्रानं इशारा दिला.

"गो अराउंड," मामा म्हणाले.

आवाज स्पष्ट होता. त्यांचा त्यांनाच तो ओळखीचा वाटला नाही. पण शेजारी काही हललं नाही. त्यांनी पाहिलं, धाकट्याचे डोळे धावपट्टीवर खिळले होते आणि तोंड किंचित उघडं होतं. तो ऐकत नव्हता असं नाही. तो तिथं नव्हताच. तो त्या दुसऱ्या दुपारी होता आणि ती नीट करायला निघाला होता.

"गो अराउंड!"

"उतरवतो," धाकटा पुटपुटला. "उतरवतो, थांबा..."

मामांचे हात पुढं गेले. "कंट्रोल माझ्याकडे!" ते म्हणाले, आणि त्यांनी इंजिनांचे दांडे पुढं लोटले, नाक उचललं. क्षणभर दोघांच्याही हातांत विमान होतं. धाकट्याच्या हातांचा जोर मामांना आपल्या हातांत लागत होता. मग तो सुटला. धावपट्टी खालून सरकली, आभाळ आलं, आकडे चढायला लागले. मामांनी चाकं आत घेतली, विमान सरळ केलं.

मागं परीक्षकानं बटण दाबलं. पडद्यावरचं आभाळ जागच्या जागी थांबलं. पेटीचे पाय उसासा टाकल्यासारखे खाली बसले.

धाकट्याचे हात मांडीवर होते, तळवे वर केलेले.

निकाल सांगायच्या खोलीत परीक्षकानं दोघांना समोर बसवलं. धाकट्याशी तो मायेनं बोलला. पास करता येणार नाही, म्हणाला. काही महिने उजवीकडे बसायचं, पुन्हा सराव करायचा, मग बघू. धाकट्यानं "यस सर" म्हटलं, हात मिळवला आणि तो बाहेर गेला. दार त्यानं आवाज न करता लावलं.

परीक्षक मामांकडे वळला. "तू पास. नुसता पास नाही, उत्तम म्हणून शेरा देतोय. एकदा सांगितलंस, दोनदा सांगितलंस, मग काढून घेतलंस. पुस्तकात आहे तसं." मग तो पुढं झुकला, आवाज बदलला. "इतकी वर्षं कुठं होतास रे?"

"इथंच," मामा म्हणाले. "उजवीकडे."

"त्या परीक्षांत असं एकदा केलं असतंस तर?"

त्या 'उत्तम'नं मामांना आनंद व्हायला हवा होता. जन्मभर परीक्षकाच्या तोंडून हा शब्द ऐकायची त्यांना आस होती. आता तो समोर आला होता आणि त्यांना तिथून उठून जावंसं वाटत होतं.

बाहेर गाड्या उभ्या करायच्या जागी धाकटा आपल्या गाडीला टेकून उभा होता. जावं की न जावं असं करत मामा त्याच्यापाशी गेले.

"माझं चुकलं असेल तर..." त्यांनी सुरुवात केली.

"तुमचं नाही चुकलं. बरोबर केलंत." धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "एकच विचारतो, मामा. हे त्या दिवशी का नाही केलंत?"

ऊन डोळ्यांवर येत होतं. लांब कुठंतरी एक विमान वर चढत होतं, त्याचा आवाज नंतर आला.

"त्या दिवशी खाली खरी जमीन होती," धाकटा म्हणाला. "मागं माणसं होती. ताई होती. त्या दिवशी माझ्या हातातून हिसकावून घेतलं असतंत तर मी पहिल्यांदा चिडलो असतो, आणि मग जन्मभर तुमच्या पाया पडलो असतो. आज काय होतं? आज आदळलो असतो तरी पडदाच लाल झाला असता." त्याचा आवाज चिरकला. "आज तुम्हाला धीर आला. आज!"

मामांच्या मनात पुष्कळ आलं. तू कॅप्टन होतास. तू 'बसेल' म्हणालास. मी सांगितलं होतं. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीही म्हणण्यासारखं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "त्या दिवशी नाही जमलं."

धाकटा त्यांच्याकडे बघत राहिला. आणखी काही येईल अशी वाट बघत असावा. मग तो गाडीत बसला, पण लगेच निघाला नाही. काच खाली करून म्हणाला, "तुम्ही कसे जाताय? सोडू का?"

"नको," मामा म्हणाले.

म्हणाले आणि त्यांना वाटलं, आपण हा शब्द उच्चारायला नेमकी कुठली वेळ निवडली! पण धाकट्यानं मान हलवली, त्याला राग आला नसावा, आणि गाडी फाटकातून बाहेर गेली.

घरी आल्यावर बायकोनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि निकाल विचारला नाही. जेवताना मामांनीच सांगितलं, सगळं, धाकटा काय म्हणाला तेही. ती ऐकत राहिली. "खरं बोलला पोरगा," एवढंच म्हणाली. मग तिनं त्यांच्या ताटात आणखी वाढायला हात पुढं केला आणि अर्ध्यावर थांबून विचारलं, "देऊ का?"

मामा पुन्हा उडायला लागले. बदल झाला, पण तो फारसा कुणाच्या ध्यानात आला नसेल. ते आता प्रश्न विचारत नसत. "वेग कमी आहे," म्हणत. "चाकं राहिलीत," म्हणत. काही कॅप्टनना ते रुचलं नाही. एकजण तर तोंडावर म्हणाला, "मामा, म्हातारपणी तुम्हाला झालंय काय?" पूर्वीसारखं 'मामा आहेत ना, मग झालं' कुणी म्हणत नसे. मामांना त्याचं वाईट वाटे. आपण सगळ्यांना आवडतो याची सवय त्यांना फार जुनी होती, आणि ती सुटताना त्रास झाला.

मग एका सकाळी प्रवाशांच्या यादीत ताईचं नाव असल्याचं विमानातल्या मुलींनी त्यांना सांगितलं. दूरच्या मोठ्या दवाखान्यात शेवटची तपासणी करून ती घरी परतत होती. ती आता उडणार नव्हती. कंपनीनं तिला जमिनीवरचं काम दिलं होतं, नव्या मुलींना शिकवायचं. ती काठी न घेता आत आली, पण फार सावकाश, प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत. मुली तिच्याभोवती गोळा झाल्या. तिनं त्यांना कामाला पिटाळलं आणि खिडकीशी जाऊन बसली.

त्या दिवशीचं उतरणं साधंच होतं. थोडा आडवा वारा होता. मामांनी एकदा "डावीकडे सरकतंय" म्हटलं, कॅप्टननं सरळ केलं, चाकं टेकली. उतरताना प्रवाशांपैकी कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळं नीट झालं.

विमान रिकामं झाल्यावर मामा मागं गेले. ताई अजून बसलेली होती.

"गर्दी जाऊ दे म्हटलं," ती म्हणाली. "मला उठायला वेळ लागतो."

मामांनी हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही. पुढच्या सीटची कड धरली, ओठ आवळले आणि थोडी थोडी करत उभी राहिली. उभी राहिल्यावर एक श्वास सोडला.

"धाकटा येऊन गेला घरी," ती म्हणाली. "खूप रडला. मीच उठून पाणी दिलं त्याला. म्हणाला, मामांना मी नको ते बोललो."

"नको ते नव्हतं. त्यानं विचारलं, त्या दिवशी का नाही केलंत."

"मग काय सांगितलंत तुम्ही?"

"नाही जमलं, म्हणालो."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर माफी वगैरे काही नव्हतं, आणि मामांनीही ती शोधली नाही. ती फक्त ऐकून घेत होती, पुरतं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "दुसरं काही सांगितलं असतंत तर मला आवडलं नसतं."

दारापाशी आल्यावर ती थांबली. खाली विमानाचा जिना उतरत गेला होता, उभा, उन्हात चमकणारा. या जिन्यावरून ती हातात पिशवी घेऊन, मागं बघून कुणाशी तरी बोलत, न पाहता उतरायची. आता ती पहिल्या पायरीकडे बघत होती.

"तुम्ही पुढं व्हा," ती म्हणाली.

मामा एक पायरी उतरून उभे राहिले. तिनं एका हातानं कठडा धरला आणि दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. वजन आलं. मामांनी पाय घट्ट रोवले.

"उतरू?" त्यांनी विचारलं, मागं न बघता, तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

"थांबा."

ते थांबले. खाली साफसफाईची माणसं झाडू-बादल्या घेऊन आली होती. त्यांना वर यायचं होतं, दुसरं उड्डाण लागलेलं होतं. त्यांतल्या पुढच्या बाईनं वर पाहिलं, आणि काही न बोलता बादली खाली ठेवून ती जिन्याच्या बाजूला झाली. तिच्या मागचे सगळे बाजूला झाले.

"हं," ताई म्हणाली. "आता."

मामांनी पुढची पायरी घेतली.